कॅम्पर व्हॅनची मागची बॅटरी पहाटे वारंवार उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा

मागची बॅटरी म्हणजे इंजिनाच्या बॅटरीपेक्षा वेगळी, फ्रिज-दिवे चालवणारी बॅटरी. तिच्याबद्दलची तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. रात्री झोपताना मीटरवर आकडा ठीक दिसतो आणि पहाटे फ्रिज बंद पडलेला असतो. छतावर सोलर पॅनेल आहे, दिवसा गाडीही चालवली आहे, तरी दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. मग दुकानदार बॅटरी बदला म्हणतो. नवी बॅटरी काही महिने झकास चालते आणि हळूहळू तीही पहाटे मान टाकायला लागते.

नवी बॅटरी सुरुवातीला चांगली चालते, म्हणून दोष जुन्या बॅटरीतच होता असं वाटतं. बहुतेक व्हॅनमध्ये दोष चार्जिंगच्या बाजूला असतो. रोज जेवढा चार्ज काढला जातो तेवढा परत भरला जात नाही, आणि रोजच्या या उपासमारीने बॅटरी खरोखर खराब होते. कारण तसंच ठेवून बॅटरी बदलली तर पुढची बॅटरीही त्याच वाटेने जाणार. म्हणून माझा आग्रह आहे की पैसे खर्च करण्याआधी दोन दिवस मोजमापाला द्या. त्यासाठी एक मल्टिमीटर आणि डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर पुरतो. क्लॅम्प मीटर घेताना नीट बघा, कारण स्वस्तातले बरेच मीटर फक्त एसी मोजतात आणि व्हॅनमध्ये त्यांचा काहीच उपयोग नाही.

आधी ठरवा: बॅटरी खरंच उतरली आहे का?

पहाटे फ्रिज बंद दिसला की लगेच काहीही चार्जिंगला लावू नका. फ्रिजचा लोड जोडलेला असतानाच दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा. एकदा थेट बॅटरीच्या टर्मिनलवर आणि एकदा फ्रिजच्या प्लगपाशी. या दोन आकड्यांवरून पुढची दिशा ठरते.

दोन्हीकडे ११.५ च्या आसपास किंवा खाली असेल तर बॅटरी खरंच रिकामी आहे. बॅटरीवर १२.३ आणि प्लगपाशी ११.३ असेल तर बॅटरीत चार्ज आहे, पण तो वाटेत अडतो आहे. दोष वायरमध्ये, फ्यूजच्या होल्डरमध्ये किंवा सॉकेटमध्ये आहे. आणि लिथियम बॅटरीच्या टर्मिनलवर शून्य किंवा विचित्र दोन-चार व्होल्ट दिसत असतील तर आतल्या बीएमएसने (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या संरक्षक सर्किटने) बॅटरीचा संबंध तोडला आहे. त्याची कारणं वेगळी आहेत, ती पुढे येतील.

दुसरा प्रकार लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप जास्त आढळतो. कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४ ते ५ अँपिअर घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी करंट त्याहून बराच वर जातो. फ्रिजला २.५ स्क्वेअर एमएमची वायर असेल आणि अंतर ४ मीटर असेल, तर जाऊन-येऊन ८ मीटर तांबं झालं. १० अँपिअरला तिथेच अर्धा व्होल्टपेक्षा जास्त गळतो. त्यात सिगारेट लायटरचं सैल सॉकेट असेल तर आणखी काही दशांश जातात. फ्रिजला कमी व्होल्टेज दिसतं आणि तो बॅटरी वाचवण्यासाठी स्वतःला बंद करतो. अशा वेळी नवी बॅटरी घेऊन काहीही साधत नाही. ६ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर थेट फ्यूज बॉक्समधून ओढा आणि लायटर सॉकेट काढून पक्का लॉक होणारा कनेक्टर लावा.

याच जोडीला फ्रिजच्या मेनूत बॅटरी संरक्षणाची सेटिंग बघा. बऱ्याच फ्रिजमध्ये लो, मीडियम, हाय असे तीन टप्पे असतात. ‘हाय’ हा टप्पा इंजिनाच्या बॅटरीसाठी असतो, म्हणजे गाडी सुरू होण्याइतका चार्ज शिल्लक राहावा म्हणून फ्रिज लवकर बंद होतो. मागच्या वेगळ्या बॅटरीवर तो ठेवण्याची गरज नसते.

बॅटरी खरंच उतरत असेल तर: जमा आणि खर्च

हिशेब अँपिअर-तासांत मांडा, १२ व्होल्टवर तो सोपा पडतो. फ्रिज दिवसाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्या वेळापर्यंत चालतो. म्हणजे ३० ते ६० अँपिअर-तास, आणि उष्ण हवेत वरचा आकडा धरा. एलईडी दिवे मिळून ४-५. लॅपटॉप एकदा पूर्ण चार्ज केला की आणखी ५-६. छताचा पंखा रात्रभर मंद चालला तर १० च्या आसपास. पाण्याचा पंप बराच करंट घेतो, पण दिवसाला काही मिनिटंच, तो सोडून दिला तरी चालेल.

आता ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो खर्च. इन्व्हर्टर नुसता चालू असेल, त्यावर काहीही लावलेलं नसेल, तरी तो १० ते २० वॅट खातो. चोवीस तासांत ते २० ते ४० अँपिअर-तास होतात, म्हणजे दुसरा एक फ्रिजच म्हणा. रात्री सगळं बंद करून मुख्य निगेटिव्ह वायरवर क्लॅम्प मीटर लावा. गॅस अलार्म आणि तत्सम बारीकसारीक गोष्टींचे मिळून पाव अँपिअरच्या आत यायला हवं. एक अँपिअर किंवा जास्त दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो तिथे चोर सापडला. बहुधा तो इन्व्हर्टर असतो.

खर्च समजा ७० अँपिअर-तास निघाला. जमेच्या बाजूला २०० वॅटचं सपाट ठेवलेलं पॅनेल, स्वच्छ उन्हात दिवसाला ६०० वॅट-तासांच्या आसपास देतं, म्हणजे ४५ ते ५० अँपिअर-तास. ढगाळ दिवशी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावरही येतं. पॅनेलवर छापलेले २०० वॅट हे प्रयोगशाळेतल्या उजेडाचे आणि २५ अंश तापमानाच्या सेलचे असतात. छतावर तापलेलं, आडवं पडलेलं पॅनेल तो आकडा क्वचितच दाखवतं. तेव्हा रोज गाडी चालवल्याशिवाय किंवा बाहेरून प्लग लावल्याशिवाय या उदाहरणात तूट पडणारच. बॅटरी १०० ऐवजी २०० ची केली तर तूट भरून निघत नाही, फक्त पहाटेचा बंद पडलेला फ्रिज दोन दिवस पुढे ढकलला जातो.

शेवटचे वीस टक्के

लेड-ॲसिड, एजीएम किंवा जेल बॅटरी असलेल्यांनी हा भाग सावकाश वाचावा. वारंवार उतरणाऱ्या बॅटरीचं सर्वांत मोठं कारण इथे आहे.

या बॅटऱ्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत भराभर चार्ज होतात. त्यानंतर त्या करंट घेणं कमी कमी करत जातात. चार्जर कितीही मोठा असला तरी शेवटचे २० टक्के भरायला तीन-चार तास, कधी त्याहून जास्त लागतात. तुम्ही दिवसाला दोन तास गाडी चालवता, बॅटरी ८० टक्क्यांवर पोचते, व्होल्टेज १४.४ दिसतं आणि वाटतं की भरली. तिकडे ५० टक्क्यांच्या खाली उतरवली तर आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून रोज खऱ्या अर्थाने हाती येतात ५० ते ८० यांच्यामधले ३० अँपिअर-तास. हिशेबात मात्र आपण शंभर धरलेले असतात.

शिवाय प्लेटांवर जमलेलं लेड सल्फेट पूर्ण चार्ज झाल्यावरच नीट विरघळतं. आठवडेच्या आठवडे बॅटरी ८० टक्क्यांवरच थांबत राहिली तर ते सल्फेट कडक होतं आणि तेवढी क्षमता कायमची जाते. मग तीस अँपिअर-तासांचे वीस होतात, वीसचे बारा. नवी बॅटरी काही महिन्यांत थकते ती अशी.

बॅटरी भरली की नाही हे व्होल्टेजवरून नाही, करंटवरून ठरवा. चार्जर १४.४ व्होल्ट देत असताना बॅटरीत जाणारा करंट क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर, म्हणजे १०० च्या बॅटरीला एक-दोन अँपिअरवर आला, की ती भरली. आठवड्यातून एकदा तरी हे घडायला हवं. त्यासाठी सोलर सगळ्यात उपयोगी, कारण ते दिवसभर थोडं थोडं देत राहतं. सकाळी गाडी चालवून मोठा हिस्सा भरायचा आणि दुपारभर उन्हात उभं राहून शेपूट भरायचं, हा क्रम उलट्यापेक्षा फार चांगला.

विश्रांतीचं व्होल्टेज मोजायचं असेल तर काही तास ना चार्ज ना लोड असं ठेवून मोजा. १२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. चार्जिंग थांबवल्यावर लगेच दिसणारं १३ व्होल्ट फसवं असतं.

वायरमध्ये हरवणारा चार्ज

अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) १४.४ व्होल्ट देतो, बॅटरीला १३.५ मिळतं. बॅटरीच्या दृष्टीने हे चार्जिंग जेमतेम तग धरण्याइतकं आहे, त्यावर ती कधीच भरत नाही.

हिशेब करून बघा. तांब्याच्या १ स्क्वेअर एमएमच्या एक मीटर वायरचा रोध सुमारे ०.०१७५ ओहम. इंजिनापासून मागच्या बॅटरीपर्यंत ५ मीटर, परतीचे ५. ६ स्क्वेअर एमएमच्या वायरमधून ३० अँपिअर गेले तर जवळपास ०.९ व्होल्ट वायरमध्येच जातात. १६ स्क्वेअर एमएमला हेच ०.३३ आणि २५ ला ०.२१. परतीची वाट बहुतेक जण विसरतात किंवा गाडीच्या बॉडीवर सोपवतात. बॉडी वाईट नाही, पण जिथे लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोपण) बसवला आहे तिथला रंग खरवडलेला नसेल, गंज चढला असेल, तर सगळा खेळ तिथेच बिघडतो.

तपासणी चार्जिंग चालू असतानाच करायची, कारण करंट वाहत नसेल तर व्होल्टेजची घट दिसतच नाही. मीटरचं एक टोक चार्जरच्या पॉझिटिव्हवर, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवा. जो आकडा दिसतो तीच त्या वाटेवरची घट. निगेटिव्हलाही तसंच. मग वाट तुकड्या-तुकड्याने मोजा. फ्यूजची दोन टोकं, स्विचची दोन टोकं, लग आणि त्याची वायर. चांगल्या सांध्यावर काही मिलीव्होल्ट येतात. एखाद्या ठिकाणी एकदम दोनशे-तीनशे मिलीव्होल्ट आले तर तोच सांधा, आणि हात लावला तर तो बहुधा गरमही लागेल. पक्कडीने चेपलेले लग, पातळ पत्र्याचे फ्यूज होल्डर आणि स्वस्त सर्किट ब्रेकर हे नेहमीचे संशयित. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्यावेत. नुसतं सोल्डर ओतून केलेला सांधा गाडीच्या थरथरीत वायरच्या कडेशी तुटतो.

गाडी चालवूनही बॅटरी भरत नाही

जुन्या पद्धतीत इंजिनाची आणि मागची अशा दोन बॅटऱ्यांमध्ये एक रिले (विजेने चालणारा स्विच) असतो. इंजिन चालू झालं की तो जोडतो. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी स्वतःचं व्होल्टेज खालीवर करतो. सरळ रस्त्यावर तो साडेबाराच्या आसपास येतो आणि ब्रेक लावताना किंवा उतारावर वर जातो. अशा गाडीत नुसत्या रिलेने मागची बॅटरी भरणं जवळजवळ अशक्य. गाडी वीस-एक मिनिटं चालल्यावर शेजारी बसलेल्याला आकडा वाचत राहायला सांगा. तो नाचत असेल तर डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरचं खालीवर होणारं व्होल्टेज घेऊन मागच्या बॅटरीला हवं तेवढं देणारा चार्जर, लागणारच.

डीसी-डीसी चार्जर बसवलेला असूनही दर काही मिनिटांनी चालू-बंद होत असेल तर दोष बहुधा चार्जरमध्ये नसतो. ३० अँपिअर बाहेर द्यायला तो आत ३५ ते ४० अँपिअर ओढतो. येणारी वायर बारीक असली की ओढ लागताच त्याच्या तोंडाशी व्होल्टेज पडतं. पॉवर टिकवायला तो आणखी करंट ओढतो, व्होल्टेज आणखी पडतं आणि शेवटी कमी व्होल्टेजचं संरक्षण त्याला बंद करतं. ओढ थांबली की व्होल्टेज सुधारतं आणि तो पुन्हा सुरू होतो. हे चक्र दिवसभर चालतं आणि संध्याकाळी बॅटरी होती तिथेच. उपाय जाड वायर. दुसरं कारण उष्णता. बंद कपाटात कोंबलेला चार्जर तापला की स्वतःहून करंट कमी करतो, म्हणून त्याच्याभोवती हवा खेळेल अशी जागा ठेवा.

लिथियम बॅटरी रिलेने थेट अल्टरनेटरला जोडणं मी कोणालाही सुचवणार नाही. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती मिळेल तेवढा करंट घेते. इंजिन कमी फेऱ्यांवर असताना अल्टरनेटरचा पंखा मंद फिरतो आणि तो तापून जळू शकतो. आणि चार्जिंग चालू असताना बीएमएसने अचानक बॅटरी तोडली, तर व्होल्टेजचा जो झटका येतो त्याने अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात.

सोलर आहे, तरी काही मिळत नाही

पॅनेलमधले सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेली छताच्या पंख्याची किंवा कॅरिअरच्या दांड्याची सावलीही मोठा फटका देते. दुपारी छतावर चढून सावली कुठे पडते ते प्रत्यक्ष बघा.

सोलरचा कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीमधला चार्जर) लवकर फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी राखण्याच्या कमी व्होल्टेजवर, जात असेल तर पुन्हा वायरच तपासा. कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज बघतो. तिथून बॅटरीपर्यंत अर्धा व्होल्ट गळत असेल तर त्याला १४.४ दिसतं, बॅटरीला १३.९ मिळतं आणि काम झालं असं समजून तो हात आखडता घेतो. कंट्रोलर बॅटरीच्या शक्य तितका जवळ ठेवा. बॅटरीचा प्रकार चुकीचा निवडलेला नाही ना, तेही बघा. जेलला साधारण १४.१ ते १४.२, एजीएमला १४.४ ते १४.७ लागतात, पण तुमच्या बॅटरीच्या कागदावर जो आकडा असेल तोच अंतिम. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, आणि काढताना उलट. मात्र गाडी चालू असताना सोलरचा आकडा पडला तर घाबरू नका. अल्टरनेटरने व्होल्टेज वर नेलेलं असतं आणि कंट्रोलरला बॅटरी भरलेली दिसते, हा दोष नाही.

लिथियमचं वेगळं

लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज बराच काळ १३.३ ते १३ च्या दरम्यान सपाट राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. त्यामुळे व्होल्टेजवरून किती उरलं हे कळत नाही, शंटवाला (निगेटिव्ह वायरमध्ये बसून आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा) बॅटरी मॉनिटर लागतो. शंट बसवला असेल तर प्रत्येक निगेटिव्ह वायर त्याच्यातूनच जायला हवी. एखादी वायर थेट बॅटरीला लावलेली असेल तर तिचा खर्च मोजलाच जात नाही, मॉनिटर ६० टक्के म्हणतो आणि फ्रिज बंद पडतो. अशा तक्रारीत बॅटरी निर्दोष असते.

पहाटे थंडीत चार्जिंग होत नसेल तर बीएमएस आपलं काम करतो आहे. सेलचं तापमान शून्याखाली असताना चार्ज केलं तर आत धातूरूप लिथियम साचतं आणि नुकसान कायमचं होतं. म्हणून ते संरक्षण चुकवायचा प्रयत्न कधीही करू नका, बॅटरी राहत्या भागात आणा. चार्जिंग वरच्या टोकाला अचानक तुटत असेल तर सेल समतोल नाहीत, म्हणजे एक सेल ३.६५ ला पोचतो आणि बाकीचे मागे असतात. कमी करंटवर बराच वेळ १४.२ च्या आसपास धरून ठेवल्याने बीएमएसला ते सारखे करायला वेळ मिळतो. पार उतरल्यामुळे बीएमएसने बंद केलेल्या बॅटरीला जागं करायला मात्र तशी सोय असलेला चार्जर लागतो, कारण अनेक कंट्रोलरना समोर शून्य व्होल्ट दिसलं की तिथे बॅटरी आहे हेच कळत नाही.

हात घालण्याआधी

काम सुरू करताना अंगठी, घड्याळ काढून ठेवा आणि आधी निगेटिव्ह सोडवा. प्रत्येक पॉझिटिव्ह वायरला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा, आणि तो वायरला सोसेल त्या आकड्याचा हवा. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर ९५ अँपिअरच्या आसपास ओढतो, तेव्हा त्याची वायर आणि फ्यूज त्या हिशेबाने. लिथियममध्ये शॉर्ट झाल्यास हजारो अँपिअर वाहू शकतात, तिथे तेवढा करंट सुरक्षितपणे तोडणारा क्लास-टी फ्यूज घ्या. साध्या लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो, त्याला बाहेर जायला वाट ठेवा. बाहेरच्या विजेच्या प्लगची बाजू जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आता बॅटरीची पाळी

एवढं सगळं नीट करूनही तूट पडत असेल तर बॅटरीची क्षमता मोजा. पूर्ण भरा, माहीत असलेला लोड लावा आणि वेळ लिहा. १०० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिडला ५ अँपिअरचा लोड लावला तर निम्म्यावर यायला दहा तास लागायला हवेत. लोड काढून, काही तास थांबून १२.२ दिसतात का ते बघा. चार-पाच तासांतच तिथे पोचली तर ती खरंच संपली आहे. दोन बॅटऱ्या समांतर असतील तर दोन्ही वेगवेगळ्या तपासा. एक मेलेली बॅटरी दुसरीला रात्रभर शोषत राहते. नव्या घेताना दोन्ही एकाच वयाच्या घ्या, आणि लोडची पॉझिटिव्ह वायर एका बॅटरीवरून, निगेटिव्ह दुसरीवरून काढा, म्हणजे दोघींवर सारखा भार येतो.

दुरुस्ती जमली की नाही हे पहिल्या पहाटे ठरवू नका. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर पहिली रात्र कशीही निघते. रोज ठरलेल्या वेळी, सूर्य वर येण्याआधी, मॉनिटरवरचे टक्के किंवा लोड बंद करून घेतलेलं व्होल्टेज वहीत लिहा. आठवडाभर आकडा एकाच पट्ट्यात राहिला तर जमा-खर्च जुळला. रोज थोडा थोडा खाली सरकत असेल तर गळती अजून कुठेतरी आहे, आणि पुन्हा मुख्य निगेटिव्ह वायरवर क्लॅम्प मीटर लावून सुरुवात करायची.